उताराआधीचा हिशेब

दिवाळी आटोपली की आमच्या कोल्हापूर-सांगली भागातले रस्ते ओळखू येत नाहीत. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि रात्रंदिवस उसानं भरलेल्या ट्रॉल्या धावू लागतात. एका ट्रॅक्टरमागे एक, कधी दोन. वर मोळ्यांचे थर इतके, की मागून येणाऱ्याला पुढचा रस्ता दिसू नये. हंगामाच्या तोंडावर प्रत्येक ट्रॅक्टरवाला काही ना काही दुरुस्ती करून घेतो. टायर बघतो, हूक बघतो, पाटे बघतो, ट्रॉलीला रंगही देतो. पण चाकाच्या आत जी लोखंडी परात दडलेली असते, तिच्याकडे बघायचं मात्र राहून जातं. त्या परातीला ब्रेक ड्रम म्हणतात आणि ती ज्याच्यावर बसते त्याला हब. आज या दोन वस्तूंविषयी बोलायचं आहे.

तुम्ही म्हणाल, कविता लिहिणाऱ्या माणसाचा आणि ब्रेक ड्रमचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो मला महागात पडलेला आहे. ते पुढे सांगतो. आधी हा ड्रम करतो काय ते बघू.

ब्रेक गाडी थांबवतो असं आपण म्हणतो. खरं तर ब्रेक गाडीच्या वेगाची उष्णता करतो. ड्रम चाकाबरोबर फिरत असतो. त्याच्या पोटात चंद्रकोरीसारखे दोन शू असतात आणि त्यांच्यावर लायनर चिकटवलेले किंवा रिबेट मारलेले असतात. ब्रेक दाबला की शू बाहेर पसरतात, ड्रमच्या आतल्या भिंतीवर घासतात आणि चाक मंदावतं. वेग जातो आणि त्याच्या जागी ताप येतो. हा सगळा ताप आधी ड्रमला सोसावा लागतो आणि मग हवेला द्यावा लागतो. म्हणून ड्रम बहुधा बिडाचा असतो. बीड झिजेला टिकतं आणि ताप साठवून हळूहळू सोडतं.

हा ताप किती असेल? मालासकट दहा टनांची ट्रॉली धरू. ताशी २० किलोमीटर वेगानं ती सपाटीवर चालली असेल आणि थांबवायची असेल, तर जी उष्णता तयार होते तिच्यात सुमारे अर्धा लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापेल. म्हणजे चार-पाच कप चहाचं. हे फार नाही. पण वेग दुप्पट, म्हणजे ताशी ४० झाला, की ही उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. आणि उतार लागला तर हिशेबच बदलतो. हीच ट्रॉली शंभर मीटर उंचीचा उतार उतरून खाली आली, तर जेवढी शक्ती मोकळी होते तिच्यात तीस लिटर पाणी उकळेल. दोन घागरी! त्यातला काही वाटा टायरचं घर्षण घेतं, गिअरमध्ये असलेलं इंजिन घेतं. उरलेला सगळा ब्रेकच्या वाट्याला येतो.

तापलं की लोखंड प्रसरण पावतं, हे आपण शाळेत शिकलो. ३०० मिलिमीटर व्यासाचा ड्रम ३०० अंशांनी तापला, तर त्याचा व्यास जवळजवळ एक मिलिमीटरनं वाढतो. म्हणजे ड्रमची भिंत शूपासून दूर पळते. शूला आणखी लांब पसरावं लागतं. त्यातच तापलेल्या लायनरची पकड कमी होते. ड्रायव्हर सांगतो, ‘ब्रेक लागेनाच झाला हो!’ तो खोटं सांगत नसतो. वर चांगला लागणारा ब्रेक उताराच्या पायथ्याशी लागेनासा होतो, तो असा.

आता माझी गोष्ट. १९९८ सालचा हंगाम. माझा धाकटा भाऊ ट्रॅक्टर चालवायचा, आजही चालवतो. आमच्या ट्रॉलीला ब्रेक होते. हे मुद्दाम सांगतो, कारण रस्त्यावरच्या अनेक ट्रॉल्यांना ते नसतातच. नुसत्या हबवर चाकं फिरत असतात आणि मागचं सगळं वजन ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतं. आमच्या डाव्या चाकाच्या ड्रमला तडा गेला होता. भाऊ म्हणाला, ‘भाई, दोन्ही बदलूया.’ मी बी.ए. झालेला, म्हणून घरचा हिशेब माझ्याकडे. मी म्हणालो, ‘तडा एकाला आहे, पैसे दोघांचे कशाला?’ एकच ड्रम आणला. दुसऱ्या दिवशी फडावर जायचं होतं, म्हणून रात्री अंगणात बल्ब लावून आम्हीच तो बसवला. नवा ड्रम खोक्यातून काढला तेव्हा कसा चकचकीत होता!

तिसऱ्या खेपेला पुलाकडच्या उतारावर समोरून बैलगाडी आली. भावानं ब्रेक दाबला. ट्रॉली मंदावली नाही, उजवीकडे ओढली गेली आणि तिच्यामागे ट्रॅक्टरही. बैलगाडीवर माणसं बसलेली. भावानं जीव खाऊन स्टिअरिंग डावीकडे मारलं. बैलगाडी वाचली. आमची ट्रॉली नाल्यात कलंडली आणि भावाचा उजवा हात स्टिअरिंग आणि मडगार्डच्या मध्ये सापडला.

आठ दिवसांनी मामूंनी, म्हणजे आमच्या आईच्या भावानं, ट्रॉलीची दोन्ही चाकं खोलली. त्यांचं गॅरेज होतं, हयात त्यात गेलेली. नव्या ड्रमच्या आतून त्यांनी बोट फिरवलं आणि ते माझ्यासमोर धरलं. बोट तेलकट होतं. ते म्हणाले, ‘बेटा, कारखान्यातून ड्रम निघतो तेव्हा गंज चढू नये म्हणून त्याला तेल लावतात. ते पुसून बसवायचं असतं. तुझ्या नव्या ड्रमनं ब्रेक धरलाच नाही. जुन्यानं धरला. एक बाजू थांबली, दुसरी पळाली.’ मग जुन्या ड्रमवर व्हर्निअर लावून ते म्हणाले, ‘आणि हाही कधीच संपलेला आहे.’

त्या दिवसानंतर मी मामूंच्या गॅरेजमध्ये बसून जे शिकलो, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न, ड्रम बदलायचा कधी? बहुतेक ड्रमवर एक आकडा कोरलेला किंवा ओतलेला असतो. तो आतल्या व्यासाची शेवटची मर्यादा सांगतो. लेथवर मारून ड्रम गुळगुळीत करता येतो, पण प्रत्येक वेळी व्यास वाढतो आणि भिंत पातळ होते. पातळ भिंत लवकर तापते आणि लवकर तडकते. मर्यादा ओलांडली की तो ड्रम भंगारात. लेथवाला ‘अजून एकदा मारून देतो’ म्हणाला, तरीही भंगारात. व्यास एकाच ठिकाणी मोजून चालत नाही. तीन-चार दिशांनी मोजावा. आकडे वेगळे आले तर ड्रम अंडाकार झाला आहे आणि ब्रेक लावताना ट्रॉली धक्के देते ती त्यामुळे. आतल्या भिंतीवर निळसर डाग दिसले तर ड्रम अति तापून गेलेला आहे. केसासारख्या बारीक रेषा तापानं येतात. त्या वाढून काठापर्यंत पोचल्या किंवा आरपार गेल्या, तर विचार करत बसू नये.

हबचं दुखणं वेगळं असतं. चाक जॅकवर उचलावं, वर आणि खाली धरून हलवावं. खडखड जाणवली तर बेरिंग ढिली आहे किंवा संपली आहे. चाक फिरवताना घरघर ऐकू आली तर बेरिंगवर खड्डे पडलेत. बेरिंग बदलता येते. पण बेरिंगचा कप हबमध्ये हातानं फिरू लागला असेल, म्हणजे त्याची बैठकच झिजली असेल, तर हब बदलावा. पंच मारून किंवा पत्रा घालून कप घट्ट करायची युक्ती काही ठिकाणी चालते. ती उतारावर उघडी पडते.

दुसरा प्रश्न, घ्यायचा कोणता? दुकानात जाऊन ‘ट्रॉलीचा ड्रम द्या’ म्हणणं म्हणजे चपलांच्या दुकानात ‘पायाची चप्पल द्या’ म्हणण्यासारखं आहे. ट्रॉल्या गावोगावच्या वर्कशॉपमध्ये बनतात आणि प्रत्येकाचा एक्सल निराळा असू शकतो. म्हणून जुना ड्रम, जुना हब आणि बेरिंग पिशवीत घालून सोबत न्यावी. तेवढं वजन उचलायचं नसेल तर मोजमापं तरी कागदावर न्यावीत.

ड्रमचा मूळ आतला व्यास आणि शूची रुंदी ही पहिली दोन मापं. स्टड किती आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास किती, हे तिसरं. स्टड सहा किंवा आठ असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं की झालं. पाच असतील तर समोरासमोर कोणी येत नाही. तेव्हा शेजारच्या दोन स्टडमधलं अंतर मोजावं आणि त्याला १.७ नं गुणावं. चौथं माप हबच्या मधल्या गोल कॉलरचं. ज्या ट्रॉलीत ड्रम आणि हब वेगळे असतात, तिथं ड्रम या कॉलरवर बसूनच मध्यावर येतो. कॉलर सैल असेल तर स्टड जुळूनही ड्रम वेडावाकडा फिरेल. काही ट्रॉल्यांत हब आणि ड्रम एकाच ओतीव तुकड्याचे असतात. तिथं ड्रम बदलायचा म्हणजे बेरिंगसकट सगळंच खोलायचं.

पाचवं माप बेरिंगचं. एका हबमध्ये दोन बेरिंग असतात, आतली बहुधा मोठी, बाहेरची लहान. दोन्ही निमुळत्या रोलरच्या. ही निमुळती रोलर बेरिंग अमेरिकेत हेन्री टिमकेन या बग्ग्या बनवणाऱ्या माणसानं काढली आणि १८९८ साली तिचं पेटंट मिळालं. बग्गी वळताना चाकावर बाजूनं जो दाब येतो तो सोसता यावा, हा त्याचा हेतू. आपली ट्रॉली वळते तेव्हाही तोच दाब असतो. बेरिंगच्या कडेवर तिचा नंबर कोरलेला असतो. समजा ३०२०८ असा आकडा दिसला, तर शेवटच्या ०८ ला ५ नं गुणा, ४० आले. म्हणजे ती ४० मिलिमीटरच्या एक्सलवर बसणारी बेरिंग. दुकानदारानं ‘हीच चालेल’ म्हणून दुसरी दिली तर निदान एवढा हिशेब आपण काउंटरवरच करू शकतो. त्याबरोबर ऑइल सीलचंही माप घ्यावं. सील नेहमी नवं. त्यात काटकसर केली तर ग्रीस वितळून लायनरवर येतं आणि मग नाल्याचा रस्ता मला विचारा.

आणखी एक. चाकाचे नट निमुळते आहेत की सपाट, ते बघून त्याला जुळणारे स्टड आणि नट घ्यावेत. काही गाड्यांत डाव्या बाजूच्या स्टडना उलटे आटे असतात, तेव्हा हब डावा की उजवा हेही विचारून घ्यावं.

आणि ड्रम जोडीनंच घ्यावेत. एका एक्सलवरचे दोन्ही ड्रम आणि दोन्हीकडचे लायनर, एकाच मापाचे, एकाच जातीचे. बैलजोडीत एक तरणा खोंड आणि एक थकलेला बैल जुंपला तर गाडी सरळ जात नाही, हे शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. ब्रेकचंही तसंच आहे.

आता बसवण्याचं काम. जागा सपाट आणि टणक हवी. दुसऱ्या चाकांना पुढून-मागून गुटके लावावेत, ट्रॉली रिकामी असावी. जॅकनं उचलल्यावर एक्सलखाली मजबूत घोडी किंवा लाकडी ठोकळे द्यावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर ट्रॉलीखाली हात घालू नये. जुना ड्रम निघाला की आत काळी भुकटी दिसते. ती तोंडानं फुंकू नये, कॉम्प्रेसरची हवाही मारू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुफ्फुसांत कायमची बसते. ओल्या फडक्यानं पुसावी आणि फडकं टाकून द्यावं.

नवा कप हबमध्ये बसवताना पोलादी छिन्नी वापरू नये. पितळेचा दांडा घ्यावा आणि गोल फिरत सारखे ठोके द्यावेत. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो. मामू म्हणायचे, ‘डोळ्यानं नको, कानानं बघ.’ जुन्या कपात नवा कोन घालू नये, दोघं एकमेकांबरोबर झिजलेले असतात. ग्रीस तळहातावर घ्यावं आणि बेरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत जावी. रोलरच्या फटींतून ग्रीस वर येईपर्यंत दाबावी. वरवर चोपडलेलं ग्रीस पहिल्याच दिवशी संपतं. हबची पोकळी मात्र गच्च भरू नये. तापल्यावर ग्रीसला फुगायला जागा लागते, ती मिळाली नाही की ते सील फोडून बाहेर येतं.

यानंतर एक्सलचा मोठा नट. हे सगळ्यात नाजूक काम. हब हातानं फिरवत नट आवळावा, हब जड फिरू लागेपर्यंत. त्यामुळे बेरिंग जागेवर बसते. मग नट थोडा मागे घ्यावा, हब मोकळा फिरू लागेपर्यंत. शेवटी हब आतबाहेर हलवला तर वहीच्या कागदाच्या जाडीइतकी, साधारण ०.१ मिलिमीटर किंवा त्याहून कमी हालचाल राहावी. फार घट्ट ठेवला तर बेरिंग तापून जाम होते. सैल ठेवला तर चाक डुलतं. खिट्टीचं भोक जुळत नसेल तर नट किंचित सैल करून जुळवावं, आवळून नाही. खिट्टी नवी घालावी आणि तिची दोन्ही टोकं नीट वाकवावीत. वाकवलेली खिट्टी सरळ करून पुन्हा वापरली तर ती मोडते, आणि मग अख्खं चाक बाहेर येतं.

ड्रम चढवण्याआधी आतली भिंत ब्रेक क्लीनरनं किंवा थिनरनं पुसावी, स्वच्छ पांढऱ्या फडक्यावर डाग उमटेनासा होईपर्यंत. हे काम उघड्यावर करावं, जवळ विडी नको. ड्रम चढला की शू ॲडजस्ट करावेत. चाक फिरवताना हलकी घासट ऐकू यावी, पण चाक अडू नये. दोन्ही बाजूंना घासट सारखी असावी. चाकाचे नट एकामागून एक गोल आवळत जाऊ नयेत, समोरासमोर आवळावेत. नाहीतर चाक तिरकं बसतं.

काम इथं संपलं असं वाटतं, पण निम्मीच परीक्षा झालेली असते. रिकामी ट्रॉली घेऊन मोकळ्या रस्त्यावर हळू जावं आणि मध्ये मध्ये थांबून वीस-पंचवीस वेळा मध्यम ब्रेक लावावा. नवे लायनर आणि नवा ड्रम एकमेकांशी जुळायला तेवढं लागतंच. मग थांबून दोन्ही हबजवळ हात न्यावा. लगेच टेकवू नये, आधी धग बघावी. दोन्हीकडे सारखं कोमट असेल तर ठीक. एक गार आणि एक तापलेला असेल तर पुन्हा खोला. पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकाचे नट एकदा आवळावेत. आणि उतार लागला की वरूनच खालचा गिअर टाकावा, न्यूट्रलवर कधी सोडू नये. दोन थेंब डिझेल वाचवायला गेलं, तर त्या दोन घागरींचा ताप एकट्या ड्रमवर पडतो.

एवढं सगळं करायला एका दिवसाची मजुरी आणि दोन ड्रमचे पैसे लागतात. मी त्या वेळी एका ड्रमचे पैसे वाचवले होते. बैलगाडीवर कोण माणसं होती ते आम्हाला कधी कळलं नाही. ती आपल्या वाटेनं निघून गेली. भावाच्या उजव्या हाताची दोन बोटं मात्र तेव्हापासून वळत नाहीत.

दर वर्षी हंगामाआधी आम्ही दोघं ट्रॉलीची चाकं खोलतो. मामू आता नाहीत. हब, बेरिंग, ग्रीस सगळं भाऊच करतो, अजूनही माझ्यापेक्षा चांगलं करतो. खिट्टी वाकवायचं काम तेवढं माझ्याकडे आहे. त्याला पकड घट्ट दाबता येत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणावरून संपादित)